कुंडींतील हवापाणी

शनिवार पेठेंत आज जमीन थोडी आणि गच्च्या पुष्कळ, अशी स्थिति आहे. १७३० सालीं पाया घालून येथें शनिवारवाडा उभा राहिला. पुढें नानासाहेब पेशव्यांच्या काळांत कात्रजहून नळानें आणलेलें पाणी शहरांतील हौदाहौदांतून खेळूं लागलें. त्या काळच्या वाड्यांना चौक होते, मागें परसें होतीं, आणि परसांतल्या पारिजातकाला, जास्वंदीला, कढीलिंबाला पाय पसरण्यापुरती भुई होती. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेचा लोंढा नदीकांठच्या पेठांत शिरला आणि त्यांत कित्येक वाडे जमीनदोस्त झाले. जे उरले त्यांपैकीं पुष्कळांच्या जागीं पुढील काळांत मजल्यांवर मजले चढले. परस गेलें, चौक गेला. तुळस मात्र घरांतून गेली नाहीं. ती कुंडींत बसून गॅलरींत आली आणि तिच्या मागोमाग मोगरा, गवती चहा, पुदिना, मिरची, टोमॅटो हीं सारीं मंडळी गच्चीवर चढलीं. ज्या घराला भुई म्हणून उरलेली नाहीं त्या घराचें सारें परस आतां दहावीस कुंड्यांत सामावलेलें आहे. म्हणून त्या कुंड्यांत काय चालतें हें जाणून घेणें केवळ हौशीचें काम राहिलेलें नाहीं.

कुंडींतील झाडें मरतात तीं पाण्यावांचून मरतात, असा सर्वसाधारण समज आहे. चैत्र-वैशाखांत कुलुप लावून गांवाला गेलेल्या घराच्या बाबतींत तो खराहि ठरतो. परंतु ज्या घरांत माणसें आहेत, झाडांवर माया आहे आणि सकाळीं न चुकतां तांब्याभर पाणी घातलें जातें, त्या घरांतील झाडें बहुधा तहानेनें मरत नाहींत. तीं गुदमरून मरतात. या मरणाची फसवी गोष्ट ही कीं, त्याचीं लक्षणें तहानेसारखींच दिसतात. पानें माना टाकतात, खालचीं पानें पिवळीं पडून गळतात, शेंडा सुकतो. घरांतील माणूस तें पाहून कळवळतो आणि आणखी एक तांब्या पाणी घालतो. कुंडी ओली असतांना झाड कां सुकावें, हा प्रश्न त्या वेळीं मनांत आला तर झाड वाचण्याची आशा असते. त्या प्रश्नाचें उत्तर मुळांच्या श्वासांत आहे.

झाडाचीं पानें दिवसा उजेडांत अन्न तयार करितात आणि प्राणवायु बाहेर टाकतात, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. पण मुळें अंधारांत असतात. त्यांना अन्न वरून येतें आणि तें वापरून शक्ति मिळविण्यासाठीं त्यांना रात्रंदिवस प्राणवायु घ्यावा लागतो व कर्बाम्लवायु बाहेर टाकावा लागतो. पाणी व क्षार आंत ओढून घेण्याचें काम या शक्तीच्या बळावर चालतें. हा प्राणवायु मुळांना मिळतो तो मातीच्या कणांमधील मोकळ्या पोकळ्यांतून. त्या पोकळ्या पाण्यानें भरल्या कीं पुरवठा जवळजवळ तुटतो. २५ अंश उष्णतामानाच्या एक लिटर हवेंत सुमारें २७५ मिलिग्रॅम प्राणवायु असतो; तितक्याच पाण्यांत तो आठ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. शिवाय हवेंतून तो ज्या वेगानें पसरतो त्याच्या सुमारें दहा हजारांवा हिस्सा इतक्याच वेगानें तो स्थिर पाण्यांतून पसरूं शकतो. म्हणजे साठा तीस-पस्तीसपट कमी आणि वाट हजारोंपट बिकट. अशा जागीं मूळ प्रथम काम थांबवितें, मग कुजूं लागतें, आणि कुजलेल्या मुळावर बुरशी तुटून पडते. पाण्यांत उभें असलेलें झाड पाणी पिऊं शकत नाहीं आणि सुकतें, यांतील रहस्य हेंच होय.

येथें कोणी म्हणेल कीं, परसांतल्या झाडांवर तर पावसाच्या सरींवर सरी कोसळत आणि तीं मजेंत असत. मग कुंडींतल्या झाडाला तांब्याभर पाणी जड कां व्हावें? कुंडीला खालीं भोंक आहे, जास्तीचें पाणी त्यांतून निघून जातें, हें तर दिसतेंच आहे. परंतु भोंकांतून पाणी टपकण्याचें थांबलें म्हणजे कुंडींतील जास्तीचें पाणी संपलें, असा त्याचा अर्थ होत नाहीं. हें पाहण्यासाठीं प्रयोगशाळेंत जाण्याची गरज नाहीं. भांडीं घासण्याचा किंवा गाडी धुण्याचा एक लांबट, जाड, चौकोनी स्पंज घ्यावा. तो पाण्यांत बुडवून पूर्ण भिजवावा आणि दोन्ही हातांवर आडवा, सपाट धरावा. थोडें पाणी गळेल आणि गळणें थांबेल. आतां तोच स्पंज न पिळतां त्याच्या लांब कडेवर उभा करावा. पुन्हां पाणी गळूं लागेल. तेंहि थांबलें कीं त्याला आखूड टोंकावर, म्हणजे सर्वांत उंच उभा धरावा. तिसऱ्यांदा पाणी गळेल. स्पंज तोच, त्यांतील छिद्रें तींच. बदलली ती फक्त उंची. उंची वाढली तसें कमी पाणी आंत राहिलें आणि जास्त हवा आंत शिरली.

याचें कारण असें कीं, बारीक छिद्रांतील पाण्यावर दोन ओढी असतात. पृथ्वी त्याला खालीं ओढते आणि छिद्राच्या भिंती त्याला धरून ठेवतात. दिव्याच्या वातींत तेल चढतें तें या दुसऱ्या ओढीनें. शास्त्रज्ञ तिला केशाकर्षण म्हणतात. जेम्स ज्युरिन या इंग्रज शास्त्रज्ञानें १७१८ सालीं तिचा नियम मांडला: नळी जितकी बारीक तितकें पाणी उंच. एक मिलिमीटर व्यासाच्या कांचेच्या नळींत पाणी सुमारें तीन सेंटिमीटर चढतें, आणि नळी त्याच्या एकदशांश केली तर तीस सेंटिमीटर. मातींतील छिद्रें म्हणजे अशाच वेड्यावांकड्या नळ्या. १९०७ सालीं अमेरिकेंतील एडगर बकिंगहॅम यानें मातींतील पाण्याच्या या धरून ठेवण्याच्या ओढीला गणिताचें रूप दिलें आणि आजचें मृद्‌-जलशास्त्र त्या पायावर उभें राहिलें.

हा नियम कुंडीला लावून पाहिला म्हणजे सर्व उलगडा होतो. कुंडीच्या तळाशीं भरणाचा एक थर असा असतो कीं, तेथील पाण्याला केशाकर्षणानें धरून ठेवलेलें असतें आणि भोंक उघडें असूनहि तें खालीं पडत नाहीं. या थराची उंची भरणाच्या कणांवर अवलंबून असते. कुंडीच्या उंचीशीं तिचा संबंध नसतो. समजा, एखाद्या भरणांत हा पाण्यानें तुडुंब थर पांच सेंटिमीटर उंचीचा राहतो. पंचवीस सेंटिमीटर उंच कुंडींत तो एकपंचमांश जागा व्यापील. वरच्या चार भागांत मुळांना हवा मिळेल. तेंच भरण दहा सेंटिमीटरच्या उथळ थाळींत घातलें तर अर्धी थाळी कायमची बुडालेली राहील. आणि परसांतल्या भुईला तर तळच नाहीं. तेथें ओल्या मातीखालीं आणखी कोरडी माती असते, तिच्या खालीं मुरूम असतो, आणि तो सारा खोल स्तंभ पाण्याला वातीसारखा खालीं ओढीत राहतो. परसांतील जमीन म्हणजे उभा धरलेला स्पंज आणि कुंडी म्हणजे आडवा धरलेला स्पंज, असें म्हणतां येईल.

कुंडीच्या तळाशीं खडी, वाळू किंवा खापऱ्यांचा जाड थर घालावा म्हणजे पाणी चांगलें निचरतें, अशी जुनी समजूत अनेक घरांत आहे आणि ती मोठ्या निष्ठेनें पाळली जाते. वरील नियम तिच्या विरुद्ध साक्ष देतो. बारीक छिद्रांतील पाणी मोठ्या छिद्रांत सहजासहजीं उतरत नाहीं. वरचा बारीक थर तळापर्यंत तुडुंब झाल्यावरच तें खालच्या खडींत पडतें. त्यामुळें ओला थर नाहींसा होत नाहीं, तो फक्त खडीच्या डोक्यावर जाऊन बसतो. पंचवीस सेंटिमीटरच्या कुंडींत पांच सेंटिमीटर खडी घातली तर झाडाच्या वांट्याला वीस सेंटिमीटरची कुंडी राहते आणि तींतहि ओला थर पूर्वीएवढाच. भोंकावाटे भरण वाहून जाऊं नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवणें योग्य आहे. त्यापलीकडे खडीचा उपयोग कुंडी जड करण्यापुरताच.

मग कुंडींत माती घालावी कीं नाहीं? पुण्याच्या आसपासची काळी माती काळ्या पाषाणापासून झालेली आहे. तिचे कण अत्यंत सूक्ष्म. पाणी मिळालें कीं ती फुगते, वाळली कीं भेगाळते. शेतांत तिचें पाणी धरण्याचें सामर्थ्य कापसाला आणि ज्वारीला वरदान ठरतें. कुंडींत तोच गुण दोष होतो, कारण तेथें सूक्ष्म छिद्रांत अडकलेलें पाणी ओढून घेणारा खोल स्तंभ नसतो. रोपवाटिकेंतून मिळणारी लाल माती आरंभीं भुसभुशीत दिसते, पण रोजच्या पाण्यानें तिचे कण बसत जातात आणि सहा महिन्यांत कुंडींत विटेसारखा गोळा तयार होतो. यांत वजनाचाहि प्रश्न आहे. एक लिटर ओली माती पावणेदोन किलोच्या घरांत जाते. वीस लिटरची एक कुंडी पस्तीस किलो आणि अशा दहा कुंड्या साडेतीनशें किलो. जुन्या इमारतीच्या गॅलरीवर किंवा गळक्या गच्चीवर हा भार ठेवतांना घरमालकानेंच नव्हे तर खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यानेंहि विचार करावा असा तो आहे. मातीवांचून केलेलें हलकें भरण ओलें असतांना लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतें, म्हणजे भार निम्म्याहून कमी होतो.

कुंडीसाठीं निराळें भरण हवें, हा विचार जगांत टप्प्याटप्प्यानें पुढें आला. इंग्लंडांत जॉन इनस संस्थेंतील विल्यम लॉरेन्स व न्यूवेल यांनीं १९३० नंतरच्या दशकांत अनेक प्रयोगांअंतीं सात भाग माती, तीन भाग पीट आणि दोन भाग जाड वाळू असें एक ठराविक मिश्रण सुचविलें. पीट म्हणजे थंड प्रदेशांतील दलदलींत हजारों वर्षें सांचलेला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर. १९५७ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठानें मातीच वगळून बारीक वाळू आणि पीट यांची पद्धति प्रसिद्ध केली; त्यानंतर १९६० च्या दशकांत कॉर्नेल विद्यापीठांतील बूडली व शेल्ड्रेक यांनीं पीटबरोबर व्हर्मिक्युलाइट किंवा पर्लाइट हीं भाजून फुलविलेलीं हलकीं खनिजें वापरलीं. महाराष्ट्रांत पीट नाहीं. पण येथील माणसांनीं आपल्याजवळचें शोधलें. कोल्हापूरकडे श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवारानें पालापाचोळा आणि शेतांतील टाकाऊ काडीकचरा यांचें मोल लोकांना पटवून दिलें. त्यांच्यापासून स्फूर्ति घेऊन मुंबईंत अर्थशास्त्राचे प्राध्यापक डॉ. आर. टी. दोशी यांनीं उसाचीं चिपाडें, प्लॅस्टिकच्या पिशव्या व जुनीं पिंपें यांच्या साहाय्यानें गच्चीवर भाज्या व फळझाडें वाढविलीं. पुण्यांतील घरोघरच्या मातीविरहित बागा याच वाटेवरच्या आहेत.

मात्र माती काढली म्हणजे श्वासाचा प्रश्न आपोआप सुटतो, असें मानणें धोक्याचें आहे. बाजारांत विटेच्या आकारांत मिळणारें कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणांतून काथ्या काढून घेतल्यावर उरणारा भुसा. पांच किलोची एक लादी पाण्यांत भिजवली तर साठ ते पंचाहत्तर लिटरपर्यंत फुगते. भुसा आपल्या वजनाच्या आठनऊपट पाणी धरूं शकतो. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक जागा पोकळच असते. पण किती पोकळी आहे यापेक्षां ती कोणत्या आकाराची आहे, हें महत्त्वाचें. भुसा पिठासारखा बारीक असेल तर पोकळ्या सूक्ष्म राहतात आणि त्या सर्व पाण्यानें भरून जातात. अशा नुसत्या कोकोपीटाच्या उथळ कुंडींत झाड मातीइतकेंच गुदमरूं शकतें. चाळलेल्या गांडूळखताचेंहि तसेंच. म्हणून भरणांत बारीक आणि जाड, दोन्ही प्रकारचे कण हवेत: बारीक पाणी धरण्यासाठीं, जाड हवा खेळण्यासाठीं.

दोहोंचें प्रमाण काय असावें, हें स्वयंपाकघरांतील डब्यांवरून ध्यानांत येईल. हरभऱ्यांनीं भरलेल्या डब्यांत दाण्यांमधून मोठ्या फटी असतात. त्यांत थोडा रवा ओतला तर तो फटींत जाऊन बसतो, तरी कांहीं फटी मोकळ्या राहतात. उलट रव्यानें भरलेल्या डब्यांत मूठभर हरभरे मिसळले तर एकहि फट निर्माण होत नाहीं. जेथें हरभरा बसला तेथें जो रवा मावला असता तेवढाच कमी झाला. पुष्कळ लोक मातींत किंवा कोकोपीटांत मूठभर वाळू अगर पर्लाइट टाकतात आणि आतां निचरा सुधारला असें समाधान मानतात. जाड कण इतके हवेत कीं ते एकमेकांना टेकतील. याचा अर्थ, भरणाचा निम्मा भाग किंवा त्याहून अधिक जाड वस्तूंचा असावा आणि बारीक वस्तूंनीं त्यांच्या मधील जागेचा कांहीं भागच व्यापावा.

जाड वस्तु कोणत्या, हें घराघराच्या सोयीवर अवलंबून आहे. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराहून लहान केलेले तुकडे, रसवंतीगृहांतून आणलेलीं उसाचीं चिपाडें वाळवून व तुकडे करून, लोणारी कोळशाचा चुरा पीठ चाळून टाकल्यावर उरलेला, भाताचें तूस, हलक्या विटांचे लहान खडे, पर्लाइट, यांपैकीं जें मिळेल तें चालतें. खड्यांचा आकार साधारण तीन ते आठ मिलिमीटर असावा. सर्वसाधारण झाडांसाठीं अशा जाड वस्तूंचे दोन भाग, कोकोपीट एक भाग आणि चांगलें कुजलेलें, चुरगाळल्यास मातीसारखा वास येणारें कंपोस्ट एक भाग, असा आरंभ करावा. मोगरा, तुळस, मिरची यांना तो मानवतो. कोरफड, निवडुंग यांसाठीं जाड भाग वाढवावा. पुदिना, अळू यांसाठीं थोडा कमी करावा. भुशांत खारेपणा असूं शकतो, म्हणून तो दोन-तीन पाण्यांनीं धुऊन घ्यावा. आणि मातीवांचूनच्या भरणाला स्वतःचें अन्न फारच थोडें असल्यामुळें खत थोडथोडें पण नियमितपणें देत राहिलें पाहिजे.

भरण जमलें कीं नाहीं, हें घरीं मोजतां येतें. जी कुंडी वापरावयाची तीच घ्यावी. भोंकें मेणानें किंवा चिकटपट्टीनें बंद करून कुंडी आधीं कांठोकांठ पाण्यानें भरावी व तें पाणी मापून ठेवावें. तें कुंडीचें आकारमान. मग ती रिकामी करून तींत ओलसर केलेलें भरण नेहमीप्रमाणें घालावें, एकदोनदां हलकेंच आपटून बसवावें. वरून सावकाश पाणी घालीत जावें. पृष्ठभागावर पाणी चकाकूं लागलें कीं थांबावें आणि तासभर तसेंच ठेवून लागल्यास आणखी थोडें घालावें. नंतर कुंडी परातीवर उचलून धरून भोंकें उघडावीं आणि गळणें पूर्ण थांबेपर्यंत जें पाणी पडेल तें मापावें. जेवढें पाणी पडलें तेवढी हवा आंत शिरली. कुंडी पांच लिटरची आणि खालीं पडलेलें पाणी पाऊण लिटर असेल तर हवेचा वांटा पंधरा टक्के झाला. बहुतेक झाडांसाठीं हा वांटा दहा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान असावा; ऑर्किडसारख्या, निसर्गांत झाडांच्या खोडांवर राहणाऱ्या वनस्पतींना याहून पुष्कळ जास्त लागतो. आंकडा पांच-सहावर आला तर जाड वस्तु वाढवावी. पंचवीस-तीसच्या वर गेला तर पुण्याच्या उन्हाळ्यांत दिवसांतून दोनदां पाणी घालण्याची तयारी ठेवावी.

कुंडीच्या निवडीलाहि हाच नियम लागू पडतो. रुंद व उथळ भांड्यापेक्षां तितकेंच पाणी मावणारें उंच भांडें मुळांना अधिक हवा देतें. लहान रोप एकदम मोठ्या कुंडींत लावूं नये. त्याचीं मुळें पोंचत नाहींत तेथील पाणी कोणी पीत नाहीं आणि तो भाग आंबतो. मातीची कच्ची कुंडी आपल्या अंगांतून पाणी झिरपवून उडवते, म्हणून ती लवकर वाळते; प्लॅस्टिकची किंवा चिनी मातीची तसें करीत नाहीं. एकच भरण दोहोंत घालून एकाच वेळीं पाणी देणें म्हणून चुकतें. कुंडीखालची ताटली गॅलरी स्वच्छ राखते, पण तींत साठलेलें पाणी तळाचा ओला थर आणखी वर चढवितें. पाणी घातल्यावर अर्ध्या तासानें ती रिकामी करावी. कुंडी दोन विटांवर ठेवून भोंक मोकळें राखलें तर उत्तमच. एखादी कुंडी फारच ओली राहत असेल तर ती थोडा वेळ तिरपी करून ठेवावी: तिरपेपणानें स्तंभाची उंची वाढते आणि स्पंजाप्रमाणें आणखी पाणी गळून जातें. भोंकांतून जाड सुताची वात आंत वीतभर सरकवून खालीं लोंबती ठेवली तरी तीच गोष्ट साधते. या युक्तींना पैसा लागत नाहीं.

पाणी घालण्याची रीति मात्र मन घट्ट करून बदलावी लागते. रोज थोडें थोडें घालण्यापेक्षां भरण वाळूं लागल्यावर एकदां सावकाश, सगळीकडून, तळांतून वाहीपर्यंत घालावें. खालीं जाणारें पाणी आंतला कोंदट वायु बाहेर लोटतें, आपल्यामागें ताजी हवा ओढून घेतें आणि सांचलेले क्षारहि धुऊन नेतें. मग पुढची वेळ येईपर्यंत थांबावें. ती वेळ ओळखण्यासाठीं वरचा रंग पाहूं नये. कोकोपीट वरून वाळून फिकें दिसतें तेव्हां खालीं ओला थर तसाच असतो. बोट दोन पेरें आंत घालून पाहावें, किंवा कुंडी किंचित् उचलून तिचें वजन अजमावावें. आठ दिवसांत हाताला तें कळूं लागतें. राहिली तुळस. तिला रोज पाणी घालणें हा अनेक घरांतील नित्यनेम आहे आणि तो मोडण्याचें कारण नाहीं. पण नित्यनेमाला पळीभर पाणी पुरतें. तांब्याभर लागत नाहीं. पंचपात्रींतील पळीनें रोजचें पाणी घालावें, आणि भरपूर पाणी तुळस मागेल तेव्हां द्यावें. श्रद्धेलाहि बाध नाहीं आणि तुळशीलाहि.

पुण्याच्या हवेप्रमाणें या व्यवस्थेंत वर्षांतून फेरफार करावे लागतात. पुण्याचा वर्षाचा पाऊस सातशे ते आठशे मिलिमीटरच्या दरम्यान, आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. झडीच्या दिवसांत पाणी घालणें न घालणें हातीं राहत नाहीं; तेव्हां भरणाची रचना हीच एक रक्षक असते. म्हणून कुंड्यांची पाहणी मे महिन्याच्या अखेरीस करावी. चिपाडें, पालापाचोळा, कंपोस्ट हे पदार्थ सजीवच आहेत असें समजावें. ते कुजतात, त्यांचे कण बारीक होत जातात आणि वर्षाभरांत भरण चार-सहा बोटें खालीं बसतें. खालीं बसलेलें भरण म्हणजे गेलेली हवा. वरून नुसती नवी भर टाकून कुंडी भरलेली दिसते, पण तळचा चिखल तसाच राहतो. शक्य तेथें झाड काढून, काळीं कुजलीं मुळें कापून, नवें जाड भरण मिसळून पुन्हां लावावें. चिपाडें ताजीं असतील तर आणखी एक सावधगिरी हवी: तीं कुजविणारे सूक्ष्म जीव भरणांतील नत्र स्वतःकडे ओढून घेतात आणि झाड पिवळें पडतें. हें पिवळेपण गुदमरण्याचें नव्हे, उपाशीपणाचें असतें. म्हणून चिपाडें महिना-दोन महिने शेणाच्या पाण्यांत भिजवून मुरवूनच वापरावीं. एप्रिल-मे महिन्यांत मात्र उलट चिंता असते. तेव्हां वाळलेल्या पानांचें दोन बोटें आच्छादन घालावें, दुपारच्या उन्हाची तिरीप अडवावी आणि पाणी सकाळीं लवकर द्यावें.

पाणी आणि हवा या दोन वस्तु कुंडींत एकाच जागेसाठीं भांडतात. एक वाढली कीं दुसरी घटते. परसांत त्यांचा तंटा खोल भुई मिटवीत असे. गच्चीवर तें काम माणसाच्या अंगावर आलेलें आहे, आणि तें करण्यासाठीं त्याला फार कांहीं लागत नाहीं: थोडे जाड कण, थोडी उंच कुंडी, मोकळें भोंक आणि पाण्याचा तांब्या हातांत असतांना बोट आधीं कुंडींत घालून पाहण्याची संवय. ज्या शहरांत परस गेलें, चौक गेला आणि पाणी नळाला मोजून येतें, त्या शहरांत वांचलेला प्रत्येक तांब्या आणि वांचलेलें प्रत्येक झाड या दोहोंचीहि किंमत आहे; आणि येथें तर एक वांचविलें म्हणजे बहुधा दुसरें आपोआप वांचतें.